एडिटरमध्ये ओळ कधी मोडते, कधी मोडत नाही: पाणी नेमकं कुठे मुरतंय ते शोधायचा क्रम

आधी लक्षणं बघा. यातलं एखादं जरी जुळलं तरी पुढचं वाचा.

– एकाच प्रोजेक्टमध्ये मार्कडाउन फाइलच्या ओळी खिडकीच्या कडेला येऊन नीट खाली उतरतात, पण शेजारच्या पायथन फाइलच्या ओळी उजवीकडे पळत सुटतात.
– वर्ड रॅपचं (लांब ओळ कडेला आली की घडी घालून खाली दाखवण्याचं) सेटिंग बदललं, सेव्ह केलं, तरी समोरच्या टॅबमध्ये ढिम्म फरक नाही.
– तीच फाइल दोन खिडक्यांत उघडली तर एकीकडे रॅप आहे, दुसरीकडे नाही.
– इंग्रजी मजकूर कडेपर्यंत जातो, मराठी मजकूर मात्र उजवीकडे भरपूर जागा असताना मध्येच खाली येतो.
– लॅपटॉपवर ठीक दिसतं, बाहेरच्या मोठ्या मॉनिटरवर ओळी अर्ध्यातच मोडतात.
– तुम्ही एकच शब्द बदलला आणि गिटच्या डिफमध्ये (आधीच्या आणि आताच्या आवृत्तीतला फरक दाखवणाऱ्या दृश्यात) अख्खा परिच्छेद लाल-हिरवा झाला.

आमच्या टीममध्ये नवीन मुलगा किंवा मुलगी आली की पहिल्या पंधरवड्यात हा प्रश्न माझ्याकडे येतोच. "दादा, काल बरोबर होतं, मी काहीच बदललं नाही." आणि ते खरं असतं. त्यांनी काही बदललेलं नसतं. ओळ कुठे मोडायची हे ठरवणाऱ्या जागा चार-पाच आहेत आणि त्यांतली कोणती जागा त्या क्षणी वरचढ ठरतेय हे पडद्यावर दिसत नाही, एवढाच घोळ असतो. आमच्याकडे बहुतेकजण व्हीएस कोड हा एडिटर वापरतात आणि सर्व्हरवर गेल्यावर विम किंवा निओविम हे टर्मिनलमधले एडिटर, म्हणून उदाहरणं त्यांचीच देतो.

ओळीचा क्रमांक बघा

काहीही बदलण्याआधी हे करा. पाच सेकंदांचं काम आहे, आणि माझ्या अनुभवात निम्मी डोकेफोड इथेच वाचते.

मोडलेल्या ओळीच्या डावीकडे, जिथे ओळींचे क्रमांक असतात, तिथे नजर टाका. समजा ४२ क्रमांकाची ओळ मोडून खाली आली आहे. खालच्या तुकड्यासमोर जागा कोरी असेल तर फाइलमध्ये ती अजून एकच ओळ आहे, एडिटरने फक्त दाखवताना घडी घातली आहे. तिथे ४३ लिहिलेलं असेल, तर कोणीतरी खरोखर एंटर मारला आहे आणि फाइल बदललेली आहे. क्रमांक दिसत नसतील तर कर्सर वरच्या तुकड्यात ठेवून एंड बटण एकदा, मग पुन्हा एकदा दाबा. पहिल्यांदा पडद्यावरच्या तुकड्याच्या टोकाला थांबून दुसऱ्यांदा पुढे सरकला, तर ओळ अखंड आहे.

याला एवढं महत्त्व का? पहिला प्रकार दिसण्याचा आहे. तो कितीही विचित्र वाटला तरी तुमचा कोड, तुमचा डेटा शाबूत आहे, निवांत दुरुस्त करा. दुसरा प्रकार फाइलच्या मजकुराचा आहे. तिथे वर्ड रॅपचं बटण हजारदा दाबून काही होणार नाही, उलट दरम्यान सेव्ह होत राहून नुकसान वाढतं. दुसरा प्रकार निघाला तर मधलं सगळं सोडून थेट "खरा एंटर पडत असेल तर" या भागावर जा.

ऑल्ट आणि झेड

व्हीएस कोडमध्ये ऑल्ट धरून झेड दाबलं की (मॅकवर ऑप्शन आणि झेड) रॅप चालू-बंद होतं. हाच पर्याय व्ह्यू मेनूतही आहे. हे बटण सेटिंगमध्ये काहीही लिहीत नाही, फक्त समोरच्या फाइलपुरता तात्पुरता हुकूम देतं. एकदा तो हुकूम दिला की त्या फाइलसाठी सेटिंगचं ऐकलं जात नाही. "सेटिंग बदललं तरी ढिम्म" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं: आधी कधीतरी बोट चुकून पडलेलं असतं, मग सेटिंगमध्ये कितीही बदल करा. फाइल बंद करून पुन्हा उघडा, तात्पुरता हुकूम पुसला जातो. त्यानंतर जे दिसेल ते तुमचं खरं सेटिंग.

बटण दाबूनही काहीच होत नसेल तर दुसरं एखादं सॉफ्टवेअर तो शॉर्टकट मधल्यामध्ये घेतंय का बघा. काही ग्राफिक्स कार्डांचं ओव्हरले हीच जोडी वापरतं. मेनूतून केलं आणि चाललं, तर एडिटर निर्दोष आहे.

मोठ्या मॉनिटरवरच बिघडतं तेव्हा

वर्ड रॅपच्या सेटिंगला चार किमती आहेत: ऑफ, ऑन, वर्डरॅपकॉलम आणि बाउंडेड. ऑन म्हणजे खिडकी जेवढी रुंद तिथे मोडा. वर्डरॅपकॉलम म्हणजे खिडकीकडे न बघता ठरलेल्या स्तंभावर (ओळीतल्या ठरलेल्या अक्षरसंख्येवर) मोडा, आणि तो स्तंभ मुळात ८० असतो. बाउंडेड म्हणजे या दोहोंत जे कमी असेल ते. लॅपटॉपवर खिडकी अर्धी केलेली असते, ८० स्तंभ जेमतेम मावतात, म्हणून बाउंडेड आणि ऑन सारखेच दिसतात. मोठ्या पडद्यावर गेल्यावर फरक उघडा पडतो. बिघाड काहीच नाही. तुम्हाला ऑन हवं आहे आणि कोणाच्या तरी उतरवून घेतलेल्या सेटिंगमध्ये बाउंडेड आहे.

रूलरची गल्लतही इथेच होते. ८० वर दिसणारी उभी रेघ फक्त रेघ आहे. ती ओळ मोडत नाही, मोडायला सांगतही नाही.

कोणत्या फाइलसाठी कोणाचं ऐकलं जातं

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

व्हीएस कोड सेटिंग एकावर एक रचतं: खाली युजरचं, त्यावर रिमोटचं (सर्व्हरला जोडून काम करत असाल तर), त्यावर वर्कस्पेसचं, त्यावर फोल्डरचं. वरचं खालच्याला झाकतं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण एका विशिष्ट भाषेसाठी लिहिलेलं सेटिंग हे सगळ्यांसाठी लिहिलेल्या सेटिंगला नेहमी हरवतं, मग ते कितीही खालच्या थरात असो. म्हणजे तुमच्या युजर सेटिंगमध्ये "मार्कडाउनसाठी रॅप बंद" असं कधीकाळी लिहून ठेवलेलं असेल, तर प्रोजेक्टच्या वर्कस्पेस सेटिंगमध्ये "रॅप चालू" लिहूनही मार्कडाउनची ओळ मोडणार नाही. बाकी सगळ्या फाइलींची मोडेल.

शिवाय काही भाषांसाठी एडिटर स्वतःच वेगळं ठरवून येतं. रॅप मुळात बंद असतं, पण मार्कडाउनसाठी ते आधीच चालू करून दिलेलं आहे. पहिलं लक्षण, मार्कडाउन नीट आणि पायथन उजवीकडे, हे कोऱ्या, नुकत्याच बसवलेल्या एडिटरमध्येही दिसतं ते म्हणूनच.

तपासायचं असं. सेटिंग्ज उघडा, शोधपेटीत वर्ड रॅप इंग्रजीत लिहा. सेटिंगच्या नावाशेजारी बारीक अक्षरांत ते आणखी कुठे बदललेलं आहे हे लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक केलं की त्या थरात जाता येतं. भाषेचं बघायला शोधपेटीत ॲट-चिन्ह, लँग, कोलन आणि भाषेचं नाव असं लिहा. आणि खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एडिटरने ही फाइल कोणत्या भाषेची मानली आहे ते वाचा. नाव रीडमी असूनही नावाच्या शेवटी टिंबानंतरचं एक्स्टेन्शन नसल्यामुळे फाइल प्लेन टेक्स्ट मानली गेली आणि म्हणून रॅप झाली नाही, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

तीच फाइल, दोन खिडक्या

विममध्ये रॅप हा पर्याय खिडकीचा असतो, फाइलचा नसतो. स्प्लिट करून एका खिडकीत नोरॅप केलं तर दुसरीत फरक पडत नाही. ओळीत खरा एंटर कधी घालायचा हे ठरवणारं टेक्स्टविड्थ मात्र बफरचं, म्हणजे फाइलचं असतं. हा भेद एकदा डोक्यात बसला की विममधली बरीच "विसंगती" तर्काला धरून वाटू लागते. विमडिफने दोन फाइली शेजारी उघडल्या की तो स्वतःहून रॅप बंद करतो, डिफऑप्ट या पर्यायात फॉलोरॅप लिहिलेलं नसेल तर.

विममध्ये शब्द मधोमध तुटत असेल तर लाइनब्रेक हा पर्याय चालू करा. तो मुळात बंद असतो.

इमॅक्स हा एडिटर वापरणाऱ्यांसाठी एकच गोष्ट: शेजारी-शेजारी खिडक्या केल्या आणि एखादी ५० स्तंभांपेक्षा अरुंद झाली, की तिथे ओळी मोडण्याऐवजी कापून दाखवल्या जातात. खिडकी रुंद करा, पूर्ववत होतं.

व्हीएस कोडच्या डिफ दृश्याला स्वतःचं वेगळं वर्ड रॅप सेटिंग आहे. ते इनहेरिटवर ठेवा, म्हणजे ते मुख्य सेटिंगचंच ऐकेल.

फाइल फार मोठी आहे का

साधारण २० एमबी किंवा तीन लाख ओळींच्या पुढे फाइल गेली की व्हीएस कोड रंग, रॅप, फोल्डिंग वगैरे बंद करतं आणि तशी सूचनाही दाखवतं. ती सूचना घाईत बंद केली जाते आणि मग प्रश्न पडतो. त्याच सूचनेत सक्तीने चालू करण्याचं बटण असतं, पण मी ते दाबत नाही. एवढ्या लॉग फाइलीतून हवा तो भाग काढून वेगळ्या फाइलीत वाचणं बरं. याच्या उलटही घडतं. मिनिफाय केलेली जावास्क्रिप्ट फाइल, जिच्यात सगळा मजकूर एक-दोन अवाढव्य ओळींत असतो, ती रॅप बंद असतानाही मोडून दाखवली जाते.

मराठी मजकूर आणि "सिंपल" हिशोब

हा भाग मी मनापासून लिहितोय, कारण भाषांतराच्या फाइली, मराठी ॲपचा मजकूर, मराठी दस्तऐवज यांवर काम करणाऱ्या कितीतरी जणांना वाटतं की आपलाच फॉन्ट खराब आहे.

व्हीएस कोडमध्ये रॅपिंग स्ट्रॅटेजी नावाचं सेटिंग आहे. त्याची मुळातली किंमत सिंपल. यात एडिटर प्रत्यक्ष रुंदी मोजत नाही. प्रत्येक युनिकोड संकेताला एक घर धरतो आणि किती घरं झाली ते मोजतो. इंग्रजीला, सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असलेल्या फॉन्टमध्ये, हे अगदी बरोबर लागू पडतं आणि वेगवानही असतं. आता "स्वातंत्र्य" घ्या. डोळ्याला दिसतात तीन अक्षरं: स्वा, तं, त्र्य. फाइलमध्ये आहेत अकरा संकेत: स, हलंत, व, काना, त, अनुस्वार, त, हलंत, र, हलंत, य. एडिटरने या शब्दासाठी अकरा घरं खर्ची टाकली. जोडाक्षरं आणि मात्रा असलेली ओळ अशी हिशोबात खूप लांब आणि पडद्यावर आखूड ठरते, म्हणून ती कडेच्या बरीच आधी मोडते. आणि जोडाक्षरं कमी असलेली पुढची ओळ जरा पुढे जाते. एकाच फाइलमध्ये उजवी कड वेडीवाकडी दिसते ती यामुळे.

उपाय: ही किंमत ॲडव्हान्स्ड करा. मग मोडायची जागा प्रत्यक्ष मांडणीवरून ठरते आणि देवनागरी नीट बसते. मोठ्या फाइलींत यामुळे एडिटर अडखळू शकतो, म्हणून मी ते सरसकट न लावता मार्कडाउन आणि प्लेन टेक्स्ट या भाषांपुरतं लावतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना हे करावं लागत नाही. त्या अवस्थेत एडिटर स्वतःच ॲडव्हान्स्ड वापरतो. तुमच्या आणि सहकाऱ्याच्या मशीनवर वेगळं दिसण्याचं एक कारण हेही असू शकतं.

मराठी मजकूर वर्ड फाइलमधून किंवा वेबपेजवरून चिकटवला असेल तर आणखी एक तपासा. शब्दांमधली जागा साधी स्पेस नसून न-तुटणारी स्पेस असते, युनिकोडमध्ये तिचा क्रमांक साध्या स्पेसपेक्षा वेगळा आहे. एडिटरला वाटतं की सगळं वाक्य हा एकच लांब शब्द आहे, आणि मग तो जमेल तिथे मोडतो. ओळखायची सोपी युक्ती: संशयित जागेवरची फक्त एक स्पेस निवडा, कॉपी करा, शोधपेटीत चिकटवा. फाइलमध्ये हजारो जागा उजळल्या तर ती साधी स्पेस. नेमक्या चिकटवलेल्या परिच्छेदातल्याच उजळल्या, तर चोर सापडला. त्या सगळ्या साध्या स्पेसने बदला. मात्र "१० किमी" सारख्या ठिकाणी कोणी ती मुद्दाम घातलेली असू शकते, तेव्हा एकेक बघून बदला.

खरा एंटर पडत असेल तर

आता गंभीर भाग. क्रमांक बघताना खालच्या तुकड्याला स्वतःचा क्रमांक दिसला होता. आधी हात थांबवा, ऑटोसेव्ह आणि सेव्ह करताना फॉरमॅट होणं हे दोन्ही बंद करा. मग एंटर कोण मारतंय ते शोधा.

विममध्ये कमांडच्या जागी व्हर्बोज सेट टेक्स्टविड्थ आणि शेवटी प्रश्नचिन्ह असं द्या. किंमत कळतेच, शिवाय ती शेवटची कोणत्या फाइलने ठेवली तेही कळतं. शून्य असेल तर विम या बाबतीत बहुधा निर्दोष. गिटच्या कमिट संदेशात ती ७२ दिसेल, ते हेतुपुरस्सर आहे. विमसोबत येणाऱ्या नमुना व्हिमआरसीत (विमच्या सेटिंगच्या फाइलीत) टेक्स्ट फाइलींसाठी ७८ ठेवलेलं असतं. ती नमुना फाइल उचलून घेतलेले लोक खूप आहेत. निओविमच्या ०.९ या २०२३ सालच्या आवृत्तीपासून एडिटरकॉन्फिग (प्रोजेक्टमध्ये ठेवलेली, वेगवेगळ्या एडिटरांसाठीच्या सामायिक सेटिंगची फाइल) आपोआप वाचलं जातं, आणि त्यातल्या मॅक्स लाइन लेंथवरून टेक्स्टविड्थ ठरते. व्हीएस कोडच्या नेहमीच्या एडिटरकॉन्फिग एक्स्टेन्शनला (एडिटरला जोडलेल्या पूरक प्रोग्रामला) ती नोंद समजत नाही. म्हणजे एकच प्रोजेक्ट, एकच फाइल, आणि एकाच्या हातून ओळी तुटतात, दुसऱ्याच्या नाही.

याची किंमत मी एकदा रात्री मोजली आहे. सर्व्हरवर बॅकअपच्या क्रॉनटॅबमध्ये (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) ओळीच्या शेवटी एक पर्याय जोडायचा होता. स्पेस दिली, पुढचा शब्द लिहिला, आणि ७८ ओलांडताच तो शब्द खालच्या ओळीत जाऊन बसला. माझ्या लक्षात आलं नाही. सेव्ह केलं तर क्रॉनने "बॅड मिनिट" म्हणून परत पाठवलं, कारण दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला मिनिटाचा आकडा नव्हता. क्रॉनने ओरडून सांगितलं म्हणून निभावलं. एखादी सीएसव्ही किंवा यामल फाइल असती तर कोणीच ओरडलं नसतं.

दुसरा संशयित म्हणजे फॉरमॅटर, म्हणजे फाइलची मांडणी आपोआप नीट करणारं साधन, उदाहरणार्थ प्रेटियर. प्रेटियर मार्कडाउनमधला गद्य मजकूर मुळात जसाच्या तसा ठेवतो, पण प्रोज रॅप हा पर्याय ऑलवेज केला की प्रत्येक परिच्छेद ठरलेल्या रुंदीत, मुळात ८० मध्ये, पुन्हा बसवतो. पहिल्या ओळीत एक शब्द वाढला की खालच्या सगळ्या ओळी सरकतात. डिफमध्ये अख्खा परिच्छेद लाल-हिरवा दिसतो तो यामुळे. खरा बदल बघायला गिट डिफला वर्ड-डिफचा पर्याय द्या. आणि आकड्यांचा मेळ घाला: प्रेटियर ८०, पायथनचा फॉरमॅटर ब्लॅक ८८, पायथनची पेप ८ शैली ७९. ही ८० ची परंपरा आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डापासून चालत आली आहे, पण तुमच्या प्रोजेक्टसाठी कोणताही एकच आकडा निवडून तोच सगळीकडे लिहा.

एक्स्टेन्शन शोधणं

इतकं करूनही कारण सापडलं नाही तर एडिटर सगळी एक्स्टेन्शन बंद करून उघडा. त्रास गेला तर व्हीएस कोडच्या हेल्प कमांडांत एक्स्टेन्शन बायसेक्ट आहे, ते चालवा. ते दर वेळी निम्मी एक्स्टेन्शन बंद करतं आणि तुम्हाला विचारतं, आता ठीक आहे का? बत्तीस असतील तर साधारण पाच-सहा फेऱ्यांत नेमकं एक हाती लागतं. हे सगळ्यात शेवटी ठेवलं आहे कारण दर फेरीला खिडकी पुन्हा उघडते आणि कामाचा धागा तुटतो.

इथे थांबा, दुसऱ्याला बोलवा

फॉरमॅटरचं किंवा एडिटरकॉन्फिगचं सेटिंग रेपॉझिटरीत (टीमच्या सामायिक गिट साठ्यात) असेल तर ते एकट्याने बदलू नका, तुमची अडचण खरी असली तरी. पुढच्या सेव्हला सगळ्यांच्या फाइली पुन्हा मोडतील. रेपॉझिटरी सांभाळणाऱ्याशी बोला, आणि बदल ठरलाच तर तो फक्त मांडणीचा, वेगळा कमिट असू द्या.

तुटलेल्या ओळी डेटा फाइलमध्ये, यामलमध्ये किंवा चालू सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये गेल्या असतील तर त्या हाताने किंवा जॉइन कमांडने जोडू नका. यामलमध्ये मोकळी जागा अर्थ बदलते, आणि जोडताना मुळात वेगळ्या असलेल्या ओळीही एक होतात. गिटमधली आधीची आवृत्ती परत आणा. ती नसेल तर बॅकअप सांभाळणाऱ्या ॲडमिनला त्याच क्षणी फोन करा. उशीर झाला की बॅकअपमध्येही तुटलेलीच फाइल जाते.

कंपनीच्या मशीनवर सेटिंग बदलूनही दर लॉगिनला जुनं परत येत असेल तर ते धोरण वरून लावलेलं आहे, त्यासाठी आयटी विभागाकडेच तिकीट टाका. आणि सगळी एक्स्टेन्शन बंद, कोरी प्रोफाइल, छोटी फाइल, तरीही ओळ चुकीची मोडत असेल, तर तो एडिटरचाच दोष आहे आणि तो तुमच्याकडून सुटणार नाही. एडिटर बनवणाऱ्यांना कळवा. कळवताना एडिटरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, फॉन्टचं नाव, रॅपिंग स्ट्रॅटेजीची किंमत आणि जिथे ओळ चुकीची मोडते ती दोन-तीन ओळींची फाइल सोबत जोडा. मराठी ओळ असेल तर स्क्रीनशॉटवर भागवू नका, मूळ मजकूर द्या. त्यातले संकेत मोजल्याशिवाय समोरच्याला काहीच कळणार नाही.